झुलीखालची बरगडी

तुळशीचे लग्न लागले की आमच्या आर्वीत वरातींना सुरुवात होते. बँडपुढे नाचणारी पोरे, दिव्यांचा लखलखाट आणि त्यामागे जरीची झूल पांघरलेली घोडी. लोक नवरदेवाकडे पाहतात. माझी नजर मात्र झुलीकडे जाते. टांगेवाल्याचा मुलगा ना मी!

पुलगावहून येणारी छोटी रेल्वेगाडी तेव्हा धावत होती आणि अब्बांचा टांगा स्टेशन ते गाव असा चालायचा. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका हिवाळ्यात अब्बा तापाने अंथरुणाला खिळले. लाली घोडीचे खाणेपिणे माझ्याकडे आले. थंडीचे दिवस, अंगावर दाट केस. ती मला चांगली गुटगुटीत दिसे. कडबा तोडण्याचा कंटाळा, म्हणून मी कडबा कमी केला आणि हरभऱ्याची चंदी दुप्पट. वाटले, थंडीत ताकद येईल. एका पहाटे ती खुराने जमीन उकरू लागली, मान वळवून पोटाकडे पाहू लागली आणि धाडकन लोळली. अब्बा तशा तापात उठले, डॉक्टर येईपर्यंत तिला फिरवत राहिले. घोडी वाचली. मग त्यांनी माझा हात तिच्या केसांत खुपसला. एकेक बरगडी मोजता येत होती. म्हणाले, ‘‘बेटा, हिवाळ्यात घोडा डोळ्यांनी नाही, हाताने पाहायचा.’’

माझे काय चुकले, ते पुढे कळले. घोडा गायीसारखा रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान. कडबा खरा पचतो तो मागच्या मोठ्या आतड्यात. तिथले सूक्ष्म जीव तो आंबवतात आणि त्यातून ऊब निर्माण होते. कडबा म्हणजे घोड्याच्या पोटातली शेगडीच! चंदी एकदम वाढवली तर ती न पचताच मागे जाते, तिथे आम्ल आणि वायू होतो, पोटशूळ उठतो. कधी खुरांना सूज येऊन जनावर कायमचे लंगडे होते. म्हणून थंडी वाढली की आधी चारा वाढवावा. चंदी लागलीच, तर आठ-दहा दिवसांत थोडी थोडी वाढवावी.

चारा किती? शंभर किलो वजनामागे रोज दीड ते दोन किलो सुका चारा. वजनासाठी काटा नको, शिंप्याची टेप पुरे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १३० असेल, तर वजन सुमारे २४५ किलो. म्हणजे रोज पावणेचार ते पाच किलो चारा. कडाक्याच्या थंडीत याहून जास्त आणि त्यातला मोठा वाटा रात्री. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री गव्हाण रिकामी नसावी.

पाण्याकडे लक्ष हवे. गार पाणी घोडा कमी पितो आणि सुका चारा आतड्यात अडकतो. पहाटे विहिरीचे ताजे पाणी कोमट असते, तेच पाजावे. मिठाचा खडा चाटायला ठेवावा. भरपूर खाऊनही घोडा वाळत असेल, तर दात पाहावेत. दाढांच्या कडा धारदार होतात, घास नीट चावला जात नाही, अर्धवट चावलेला चोथा खाली पडतो. पशुवैद्य कानशीने त्या घासून देतात. जंतांसाठी लीद तपासून घ्यावी. आडोसा वाऱ्याचा, बिछायत कोरडी आणि घामेजलेले अंग पुसल्याशिवाय झूल नको.

दर पंधरा दिवसांनी बरगड्यांवरून हात फिरवा. आपली मूठ वळून बोटांच्या सांध्यांवर हात फिरवल्यासारखे वाटले, तर घोडा वाळला आहे. पंजा उघडा ठेवून त्याच्या पाठीवर हात फिरवल्यासारखे वाटले, तर ठीक.

मागे एका वरातीत मी थोपटण्याच्या निमित्ताने झुलीखाली हात घातला. हाताला मूठच लागली. मालकाला म्हटले, तर तो हसला, ‘‘चाचा, वरून झूल आहे ना, कोणाला दिसते?’’

त्याचेही पोट त्या घोडीवरच आहे, म्हणून मी रागावलो नाही. सीझन चार महिन्यांचा, चारा बारा महिन्यांचा. पण लग्नघरच्या माणसांना एक सांगणे आहे. नवरदेवाला बसवण्याआधी झुलीखाली एकदा हात घाला. बँड थांबला की घोडीला पाणी दाखवा आणि मांडवात पंगत बसेल तेव्हा कडब्याची एक पेंढी तिच्याही पुढे टाका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)