पहाडी भांग : समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्तराखंडातल्या कुमाऊँ-गढवालच्या रस्त्यांकडेला माजलेली भांग पाहिली की ती इथली मूळची जंगली वनस्पती असावी असं वाटतं. तसं नाही. ११० नमुन्यांच्या जनुकसंचांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भांगेचे मूळ जंगली पूर्वज बहुधा नामशेष झाले आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. आज रानात दिसते ती बरीचशी लागवडीतून सुटलेली. पहाडी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखलं, हवेनेही आपली निवड केली, आणि त्यातून इथले गावरान वाण घडले.

‘थंडीतले वाण’ म्हटलं की कडाक्याची थंडी सोसणारं झाड डोळ्यांसमोर येतं. पण भांग एका हंगामाचं झाड आहे. हिवाळा काढतं ते बी. झाडाची खरी कसोटी असते कडक हिमाआधी फुलून बी पिकवण्याची. म्हणजे थंडीशी जुळवून घेणं हा मुख्यतः वेळेचा हिशेब आहे. बहुतेक वाण दिवस लहान होऊ लागले की फुलतात. दूर उत्तरेला, जिथे जूनचा दिवस अठरा-एकोणीस तासांचा असतो, तिथे अशी वाट पाहणारं झाड हिमात सापडेल. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्हस्की यांनी १९२४ मध्ये वर्णन केलेली ‘रुडेरालिस’ भांग म्हणूनच दिवसमानापेक्षा स्वतःच्या वयानुसार फुलते. हिमालय मात्र साधारण ३० अक्षांशावर आहे. तिथला सर्वांत मोठा दिवस चौदा तासांच्या आसपास. पावसाळा सरताना फुलायला लागलं तरी चालतं. रशियन भांगेचा नियम पहाडाला लावता येत नाही.

रुंद पानांची ती थंडीची ‘इंडिका’, हेही सरधोपट आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये हे नाव भारतातल्या नमुन्यांना दिलं. रुंद पानांची ओळख त्याला पुढे अफगाणी वाणांमुळे चिकटली.

आणि सगळ्यात खोल रुजलेला समज : भांग म्हणजे नशा. कुमाऊँत भाजलेल्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते, गडेरीच्या (एक प्रकारच्या अळकुडीच्या) भाजीतही बी वाटून घालतात. सालीच्या तंतूंचे दोर वळतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ. फुलोऱ्याविना असलेली पानं आणि बी त्यात येत नाहीत. विनापरवाना लागवड मात्र गुन्हाच आहे. २०२१ मध्ये बियांना अन्न म्हणून मान्यता मिळाली.

उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीचा परवाना दिला, तो नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण ०.३ टक्क्यांपेक्षा कमी ठेवण्याच्या अटीवर. अनेक पहाडी वाण ही मर्यादा ओलांडतात, म्हणून बाहेरचं बी आणण्याचा मोह होतो. भांगेचं परागीकरण वाऱ्याने होतं आणि पराग कित्येक किलोमीटर जातात. बाहेरच्या बियाण्याचं एक शेत आजूबाजूच्या गावांचे वाण भेसळीचे करू शकतं. माझं मत स्पष्ट आहे : कमी टीएचसीचं बी पहाडी वाणांतूनच निवडून काढावं, आणि ते होईपर्यंत उंचावरच्या गावांतलं बी गोळा करून बियाणे पेढीत ठेवावं.