बंबाच्या जागी सोलर: गच्चीवरून न्हाणीपर्यंत

वाशीम, रिसोड, कारंजाकडच्या जुन्या घरांत आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं. मधोमध धुराची नळी, तळाशी जाळी, भोवती पाणी. जाळायला पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. बंबाची मोठी सोय म्हणजे त्याला पाइप लागत नाही. वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून कढत काढायचं. आता गच्चीवर सोलर बसतो आणि पाणी तापायची जागाच न्हाणीपासून दूर जाते. गिऱ्हाईक लिटर विचारतं, नळ्या मोजतं, कंपनी बघतं. पाइपांबद्दल मात्र चकार शब्द निघत नाही, आणि पुढची बहुतेक दुखणी तिथलीच असतात.

घरगुती सोलरला सहसा पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार खाली उतरतं, म्हणून त्याची टाकी नळ्यांच्या वर असते. गार पाण्याची टाकी त्याहूनही वर हवी. जुन्या घरांत ती थेट स्लॅबवर टेकलेली असते. ती स्टँडवर उचलावी लागते. हा खर्च कोटेशनमध्ये धरलाय का, ते आधीच विचारावं.

सोलरच्या टाकीवर एक उघडी नळी उभी असते, एअर व्हेंट. तिचं तोंड गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या वर ठेवावं लागतं, नाहीतर पाणी गळत राहतं. गळतंय म्हणून कुणीतरी तिला बूच मारतं. मग एखाद्या दिवशी गार पाण्याचा कॉक बंद असतो, खाली न्हाणीत गरम नळ उघडतो, पाणी खाली ओढलं जातं आणि आत हवा शिरायला वाटच उरत नाही. आतली पातळ पत्र्याची टाकी चेपते. तिची दुरुस्ती सहसा होत नाही.

गार पाण्याचा साधा पीव्हीसी पाइप इथे चालत नाही. 60 अंशांच्या पाण्यानं तो मऊ पडतो. जीआय आतून गंजतो. सीपीव्हीसी टिकतो, पण तापला की लांबतो: 10 मीटर पाइप 40 अंशांनी तापला तर सुमारे अडीच सेंटिमीटर. म्हणून तो क्लॅम्पमध्ये घट्ट आवळू नये आणि लांब सरळ लाइनीत वळण द्यावं.

सगळ्यात जास्त विचार व्हावा तो लाइनीच्या लांबीचा. 15 मीटरच्या एक इंची पाइपात सहा लिटरच्या आसपास पाणी मावतं. रात्रभरात ते गार होतं आणि सकाळी गरम येईपर्यंत मोरीत जातं. एकबुर्जी धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या वाशीम शहरात हे परवडणारं नाही. पाऊण इंची पाइप घेतला तर हेच पाणी चार लिटरच्या आत येतं. त्याहून बारीक घेतला तर नुसत्या उतारावर धार मंदावते. माझं स्पष्ट मत आहे की सोलर न्हाणीच्या डोक्यावरच बसवावा, सावली पडत नसेल तर. लाइनीवर फोमचं वेष्टण हवंच. मिक्सर नळ असेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्हही लावावा. नाहीतर जोराचं गार पाणी गरम लाइनीत घुसतं.

बोअरच्या जड पाण्याचे क्षार तापल्यावर नळ्यांत थर धरतात. साफसफाईसाठी टाकीच्या दोन्ही बाजूंना युनियन आणि कॉक ठेवावेत. भिंतीत झिरी मारून पाइप गाडायचा असेल, तर प्लास्टरआधी लाइन दाबाखाली भरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी प्रत्येक सांध्यावर कोरडा हात फिरवून बघावा.