भ्रमणध्वनीचा ठावठिकाणा

रात्रीच्या गाडीनें एक प्रवासी पुण्याहून सोलापुरास निघाला आहे. मोबाइल फोन खिशांत आहे. तो कोणाशीं बोलत नाहीं. दौंड मागें पडल्यावर घरून कोणी त्याचा क्रमांक लावतें आणि कांहीं क्षणांतच खिशांतील घंटा वाजते. देशांतील असंख्य मनोऱ्यांपैकीं नेमक्या जवळच्याच मनोऱ्यानें त्यास हांक कशी मारली? पुष्कळांची अशी समजूत असते कीं, यंत्रणेस प्रत्येक फोनची जागा क्षणोक्षणीं ठाऊक असते. वस्तुस्थिति निराळी आहे. फोन स्वस्थ असतांना तो कोणत्या मनोऱ्याखालीं आहे हें तिला बहुधा ठाऊक नसतें, आणि तें ठाऊक असण्याची गरजहि नसते.

ह्याचें कारण काटकसर हें होय. प्रत्येक मनोरा बदलतांच फोननें वर्दी द्यावी असें ठरविलें, तर त्याची बॅटरी लौकर संपेल आणि बिनतारी लहरींचा मार्ग वर्दींनींच भरून जाईल. उलट, फोननें कांहींच कळविलें नाहीं, तर एका मनुष्यासाठीं देशभर पुकारा करावा लागेल. म्हणून अनेक मनोऱ्यांचा मिळून एक विभाग करतात. प्रत्येक मनोरा आपल्या विभागाची खूण सतत घोषित करीत असतो. ती खूण बदलली, तरच फोन वर्दी देतो. पुढें कोणाचा फोन आला, म्हणजे त्या विभागांतील सर्व मनोरे पुकारा करतात आणि ज्याचा तो ओ देतो.

१९९१ सालीं फिनलंडमध्यें ज्या जीएसएम पद्धतीची सेवा सुरू झाली, तिच्यांत ह्या वर्दीसाठीं दोन वह्या आहेत. पुढील पिढ्यांत नांवें बदललीं. तत्त्व तेंच राहिलें. पहिली वही ग्राहकाच्या मूळ घरची. तिला होम लोकेशन रजिस्टर म्हणतात. दुसरी वही, म्हणजे व्हिजिटर लोकेशन रजिस्टर, तो जेथें गेला असेल तेथील केंद्राची. पाहुणा कोणत्या गांवीं गेला एवढेंच घरच्यांस माहीत असावें, आणि कोणत्या आळींत उतरला तें त्या गांवच्या धर्मशाळेच्या वहींत असावें, तसाच हा प्रकार आहे.

आतां ही दुसरी वही एकाएकीं कोरी झाली, तर? यंत्र बंद पडून पुनः सुरू झालें, कीं असें घडूं शकतें. अशा वेळीं कोणी त्या प्रवाशास फोन केल्यास हें केंद्र त्यास "अनोळखी" म्हणून झिडकारीत नाहीं. तें मूळ वहींतून त्याची माहिती मागवून घेतें आणि विभाग ठाऊक नसल्यामुळें आपल्या सर्व विभागांत पुकारा करतें. फोननें ओ दिला, कीं नोंद पुनः उभी राहते.

मूळ वही बिघडली, तर तिची जपून ठेवलेली प्रत काढतात. पण ती प्रत शिळी असूं शकते. म्हणून मूळ वही बाहेरील वह्यांस तसें कळविते. त्या आपापल्या पाहुण्यांपुढें "घरीं खात्री व्हावयाची आहे" अशी खूण करतात आणि ज्याचा फोन पुढें संपर्कांत येईल त्याची वार्ता घरीं धाडतात. शिवाय विभाग न बदलला तरी ठराविक काळानें प्रत्येक फोन आपण असल्याचें कळवीत असतो. जीएसएममध्यें हा काळ सहा मिनिटांच्या पटींत, जास्तींत जास्त साडेपंचवीस तासांपर्यंत ठेवतां येतो. तो उलटून गेल्यावरहि वर्दी आली नाहीं, तर फोन गैरहजर धरतात व व्यर्थ पुकारा टाळतात.

चुकलेली नोंद अशी हळूहळू, एकेक करून दुरुस्त होते, हेंच ह्या योजनेचें मर्म आहे. सर्वांनीं एकदम दुरुस्ती मागितली, कीं अनर्थ ओढवतो. २ जुलै २०२२ रोजीं पहाटे जपानमधील केडीडीआय कंपनीनें देखभालीसाठीं एक राउटर बदलण्याचें काम चालविलें होतें. वाट चुकीची दाखविली गेली आणि कांहीं संभाषणें सुमारें पंधरा मिनिटें खंडित झालीं. काम मागें घेतलें. पण तेवढ्यांत असंख्य फोन पुनःपुनः नोंदणी मागूं लागले. नोंदणीकेंद्रें त्या गर्दीखालीं दबलीं आणि ग्राहकांच्या नोंदींत परस्पर मेळ राहिला नाहीं. पंधरा मिनिटांची चूक सुमारें ६१ तास भोंवली. तीन कोटींहून अधिक जोडण्यांस बाधा पोहोंचली. पोलिसांचा ११० आणि अग्निशामक व रुग्णवाहिका यांचा ११९ हे क्रमांकहि अनेकांस लागेनात.

ह्यावर उपाय यात्रेंतील दर्शनबारीचाच आहे. गर्दी झाली, कीं केंद्रानें प्रत्येक फोनला निरनिराळा अवधि थांबावयास सांगावें आणि थोड्याथोड्यांस आंत घ्यावें. आधुनिक पद्धतींत तशी तरतूद आहे. संकटसमयीं फोन लागला नाहीं, तर पुनःपुनः घाईनें तो बंद-चालू करणारा प्रत्येक जण त्या रांगेंत नकळत एकेक माणूस वाढवीत असतो, हेंहि श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. वही कधीं चुकणारच नाहीं, ही हमी कोणी देऊं शकत नाहीं. ती चुकल्यावर शांतपणें कशी सुधारावी, हें आधींच ठरवून ठेवणें मात्र मनुष्याच्या हातीं आहे. कारण त्या वेळीं फोन लावणारा कदाचित् रुग्णवाहिकेस हांक मारीत असेल.