एकाच रकान्यातला दमा

आपल्या भागात एकाच विकाराला मराठीत दमा आणि कन्नडात उब्बस म्हणतात. अमेरिकेत नेमका उलटा प्रकार झाला आहे. तेथील जनगणनेत १९८० पासून प्रत्येकाला 'आपण हिस्पॅनिक आहात काय?' असे विचारतात आणि मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा अशा निरनिराळ्या मुलखांत मूळ असलेली माणसे एकाच रकान्यात जाऊन बसतात. त्या रकान्याची दम्याची सरासरी काढली, तर ती बेताचीच दिसते. टोकाचे आकडे सरासरीत बुजतात, हे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

रकाना फोडून पाहिला की चित्र बदलते. अमेरिकेतील मुलांची एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत दम्याचे निदान झालेल्या मुलांचे प्रमाण पोर्तो रिकन मुलांत शेकडा २६, तर मेक्सिकन मुलांत अवघे १० निघाले. काळ्या मुलांचा १६ आणि गोऱ्या मुलांचा १३ हे आकडे या दोहोंच्या मध्ये पडतात!

दोघांची भाषा स्पॅनिश. पण पूर्वज सारखे नाहीत. पोर्तो रिको बेटावर स्पॅनिश लोकांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. ती गुलामगिरी १८७३ पर्यंत चालली. त्यामुळे तेथील लोकांत युरोपीय अंश मोठा, आफ्रिकी अंश बराच आणि मूळ रहिवाशांचा थोडा. मेक्सिकन लोकांत मूळ रहिवाशांचा अंश सरासरीने निम्म्याच्या आसपास आणि आफ्रिकी अगदी अल्प. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. एस्तेबान बुर्चार्ड यांच्या गटाने हजारो मुलांची जनुके तपासली, तेव्हा मूळ रहिवाशांचा अंश वाढतो तसा दम्याचा संभव घटतो आणि आफ्रिकी अंशाबरोबर तो वाढतो, असे दिसले.

मला सर्वांत बोचली ती औषधाची गोष्ट. धाप लागली की आपल्याकडेही जो साल्ब्युटामॉलचा पंप ओढतात, तो श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो. याच गटाने २००४ साली दाखवून दिले की, पोर्तो रिकन रोग्यांना या औषधाचा गुण मेक्सिकन रोग्यांपेक्षा कमी येतो. म्हणजे दमा जेथे अधिक, तेथेच औषध लंगडे! दम्याच्या जनुकांचे संशोधन बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले असल्याने ही बाब लवकर कुणाच्या ध्यानात आली नाही.

म्हणून सगळा भार रक्तावर टाकणारेही मला पटत नाहीत. वंशाबरोबर गरिबी, कोंदट घर आणि वाहनांचा धूरही वारशाने येतो. शिकागो, ब्राँक्स, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आणि पोर्तो रिको येथील मुलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षी ज्यांच्या श्वासात नायट्रोजन डायऑक्साइड अधिक गेला, त्यांच्यात पुढे दमा अधिक आढळला. तेव्हा दमेकरी मूल समोर आले, तर त्याचे आजी-आजोबा कोठले हे विचारावे आणि घर हमरस्त्यापासून किती अंतरावर आहे, हेही विचारावे. 'हिस्पॅनिक' या एका शब्दातून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.