दोरीवरचें नृत्य

कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणाऱ्या मार्गावर, आंबा घाट येण्यापूर्वीं, मलकापूर लागतें. त्या मुलुखांत तालीम म्हटली कीं लाल मातीचा हौदा आणि तुळईला टांगलेला दोर डोळ्यांपुढें येतो. मल्ल दोर चढतो आणि उतरतो तो दंडांत बळ यावें म्हणून. वर थांबून कांहीं करून दाखवावें हा त्याचा हेतु नसतो. दोरीवर थांबण्याची कला म्हणजे दोरीचा मल्लखांब. अधांतरीं नाचण्याच्या कलेचें आपल्या देशांतील सर्वांत जवळचें रूप हेंच होय.

बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मल्लस्तंभाचा उल्लेख सांपडतो. पुढें मागें पडलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं पुन्हां नांवारूपास आणली. दोरीच्या जागीं पूर्वीं वेत असे. त्याची जागा सुती दोरीनें घेतली, आणि मुलींनीं तर ती आपलीशीच केली. मुंबईच्या शिवाजी पार्कवर १९२५ सालीं स्थापन झालेल्या समर्थ व्यायाम मंदिरानें या खेळाची मोठी जोपासना केली. २०१९ सालीं मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईसच भरली, आणि हिमानी परब या मुंबईच्या खेळाडूस २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

आतां भूमीवर कथक शिकलेली एखादी नर्तकी दोरीवर नवी रचना बसवूं लागली तर तिला काय अनुभव येईल? पहिल्याच दिवशीं तिची जन्माची सोबतीण, म्हणजे जमीन, नाहींशी होते. तत्काराला टाळी देणारी फरशीच नाहीं, मग घुंगरांनीं बोलावें कशावर? दोरी जेमतेम अंगठ्याएवढी जाड. पायाचा अंगठा आणि शेजारचें बोट यांच्या चिमटींत ती धरून चढावयाचें. पोटरीवर, मांडीवर वळ उठतात. ते कांहीं आठवडे तरी चुकत नाहींत.

दोरीला गांठ मारावयाची नाहीं, हा या कलेचा मुख्य नियम. सगळा आधार वळशांचा. वळसा योग्य पडला असेल तर अंगाचा भार जितका अधिक, तितकी दोरीची मिठी घट्ट. ही गोष्ट बुद्धीला लवकर पटते, परंतु हातांना पटत नाहीं. दोन्ही हात सोडण्याच्या क्षणीं खांदे आखडतात, श्वास अडकतो, आणि नृत्याचें सौंदर्य तेथेंच संपतें. भय निराधार नसतें. एक वळसा उलट दिशेनें पडला तर तो धरीत नाहीं. म्हणून नवी जागा प्रथम जमिनीलगत, खालीं गादी घालून, गुरूच्या हाताखालीं घोटावी लागते.

आसनें तशीं लवकर येतात. खरें काम दोन आसनांच्या मधलें. पद्मासनांतून शवासनांत जातांना कोणता वळसा आधीं सुटेल, हें रचना करतांनाच ठरवावें लागतें. पुष्कळदां सुंदर जोड जमते आणि मग कळतें कीं तिच्यांतून बाहेर पडण्याची वाटच नाहीं! त्या वेळीं ती निमूटपणें टाकून द्यावी लागते. सुटण्याचा क्रम आधीं शोधून रचना उलटी बांधीत आणणें अधिक सोयीचें.

राहिला प्रश्न लयीचा. जमिनीऐवजीं झोका ती देतो. झोक्याचा काळ नर्तकीच्या वजनावर नव्हे, तर टांगणीपासूनच्या अंतरावर अवलंबून असतो. टांगणीपासून चार मीटर खालीं असलेल्या नर्तकीचा एक पुरा झोका सुमारें चार सेकंदांत होतो. सेकंदास एक मात्रा धरली तर तीनतालाचा एक विभाग एका झोक्यांत बसतो आणि चार झोक्यांत सम येते. ती वर चढत गेली कीं मात्र झोका जलद होतो; टांगणीपासून एका मीटरवर तो दोनच सेकंदांचा. तबलजीनें अशा वेळीं ठेका कायम ठेवला तर नर्तकी आणि ताल यांची फारकत झालीच! तेव्हां केव्हां चढावयाचें, हेंही तालांतच ठरवावें लागतें.

तासभराच्या तालमीनंतर शेवटचा वळसा सुटतो आणि पाय फरशीला लागतात. पहिलें पाऊल बहुधा चुकतें. अंगांत तो चार मात्रांचा झोका अजून चालूच असतो.