दगडात सापडलेलं गवत

चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत गोलसर, पिळवटलेले दगड सापडतात. दिसायला वाळलेल्या शेणासारखे. आणि ते आहेतही तेच. डायनासोरच्या काळातली विष्ठा, साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची, दगड झालेली. वर्गात हे सांगितलं की आधी नाकं मुरडली जातात, मग हशा होतो, आणि मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “सर, पण ओळखलं कसं?”

सुरुवात आकारावरून झाली. मॅटली या इंग्रज भूवैज्ञानिकाने 1939 साली या दगडांचे गट पाडले. टायटॅनोसॉर या अजस्र शाकाहारी डायनासोरची हाडं त्याच थरात मिळतात, म्हणून मोठे दगड बहुधा त्यांचेच, असं मानलं गेलं. दगडावर मालकाचं नाव थोडंच असतं!

खरी साक्ष दगडाच्या आतून मिळाली. गवताच्या पेशींत सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या जातीचे, सूक्ष्म कण साठतात. पान कुजतं, कण टिकतो. आणि त्याच्या आकारावरून वनस्पतीचं कुळ कळतं. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना पिजदुऱ्याच्या दगडांत निदान पाच प्रकारच्या गवतांचे असे कण मिळाले. हे 2005 साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं. तोवर समज असा, की डायनासोर संपल्यावरच गवताची भरभराट झाली. पुढे 2011 साली भाताच्या कुळातले कणही ओळखले गेले. आपल्या बिर्याणीतल्या तांदळाचं घराणं इतकं जुनं!

आपल्या वाशिमकडे मात्र बहुतेक काळा कातळ, थिजलेला लाव्हा. त्या उकळत्या रसात हाड कुठलं टिकणार? सातवीतल्या एका मुलीने ओढणीत गुंडाळून ‘अंडं’ आणलं होतं. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला गोल दगड. कातळ झिजताना असे गोळे होतातच. अंडं नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, पण लगेच म्हणाली, “मग हे आहे तरी काय?” तास त्यातच गेला. दगडावरची नेच्याच्या पानासारखी नक्षीही पुष्कळदा मँगनीजची असते, आणि फोडल्यावर चमकणारे स्फटिक लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळीत नंतर जमलेले.

तरीही आशा सोडायचं कारण नाही. लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये मोठा काळ गेला, तेव्हा विदर्भात ठिकठिकाणी तळी साचली. त्यांच्या गाळात गोगलगाईंचे शंख, बिया, लाकूड यांचे दगड झाले. विहीर खोदताना काळ्या कातळांमध्ये फिकट थर दिसला, तर तिथे जरूर पाहावं.

घरोघरच्या अम्मींना एक विनंती. पोराने आणलेला दगड झाडताना बाहेर फेकू नका. पोरांनीही तो फोडू नये, ॲसिडने धुऊ नये. कागदाच्या चिठ्ठीवर गाव, शेत किंवा नाला, किती खोलीवर सापडला आणि तारीख लिहावी. जागा माहीत नसेल तर अभ्यासकाला निम्मी माहिती गेलीच. थरात रुतलेला असेल तर तिथेच ठेवून फोटो काढावा, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. फोटो आणि चिठ्ठी तिकडे दाखवता येईल.