आठशे जखमी आणि एक डॉक्टर

सोलापूरच्या भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर आज स्मारक म्हणून जपलंय. १९३८ मध्ये जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांतले ते एक. १९४० च्या एका लढाईत १३ दिवसांत ८०० च्या वर जखमी त्यांच्याकडे आले. सलग ७२ तास त्यांनी पाठ टेकली नाही, असं सांगतात.

जरा हिशेब मांडा. दिवसाला साठेक जखमी. चोवीस तास जागलं, तरी एकाच्या वाट्याला जेमतेम २३ मिनिटं! फाटलेलं आतडं शिवायलाच तास-दोन तास लागतात. मग टेबलावर आधी कुणाला घ्यायचं?

‘जो जास्त गंभीर, त्याला,’ असं आपण चटकन म्हणू. नेपोलियनचा सर्जन लारे हेच म्हणाला. सेनापती असो की शिपाई, जखम पाहायची, हुद्दा नाही. त्या काळात हे केवढं धाडस! पण गर्दी वाढली की हाच नियम अडतो. पोट फाटलेल्या एकासाठी दोन तास घातले आणि तो गेलाच, तर तेवढ्यात मांडीतून रक्त वाहणारे चौघं वाचले असते, त्यांचं काय? इथे तत्त्वज्ञ बेंथमचा उपयुक्ततावाद पुढे सरसावतो: जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं, आणि बेरजेत राव-रंक सगळे सारखे.

ही बेरीज प्रत्यक्षात करतात कशी? १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात एक पद्धत बसवली गेली, ती बघून मी थक्क झालो. चालता येणाऱ्याला हिरवी चिठ्ठी. कितीही ओरडो, त्यानं बाजूला थांबायचं. इतरांचे श्वास मोजायचे. मिनिटाला तिसाच्या वर गेले तर लाल, म्हणजे हा आधी. मग नख दाबायचं. ते पांढरं पडतं. सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, तरी लाल. आणि श्वासच नसेल तर? श्वासमार्ग मोकळा करून बघायचा. तरीही श्वास आला नाही, तर काळी चिठ्ठी लावायची आणि पुढच्याकडे वळायचं. एका माणसामागे एक मिनिटही नाही!

एरवी दवाखान्यात हाच काळ्या चिठ्ठीचा माणूस एकटा आला असता, तर त्याच्याभोवती अख्खी टीम धावली असती. माणूस तोच, जखम तीच. भोवतीची गर्दी बदलली आणि योग्य काय, तेच बदललं!

बरं, या बेरजेत डॉक्टरला कुठे धरायचं? कोटणीसांना अपस्माराचे झटके येत, आणि जागरणानं ते बळावतात. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. कोरडा हिशेब म्हणेल, त्यांनी झोपायला हवं होतं. सर्जन गेला की पुढचे शेकडो जखमी वाऱ्यावर. मलाही तेच पटतं. पण रांगेत स्ट्रेचरवर माझा भाऊ असता, तर ‘डॉक्टर, तुम्ही आधी झोपा,’ असं माझ्या तोंडून निघालं नसतं.